वीज वाचवायची तर आधी रात्रीचा मीटर वाचा

वीज वाचवायचं ठरलं की घरात पहिला हुकूम सुटतो तो मोबाइलचे चार्जर काढून ठेवण्याचा. प्लगमध्ये नुसता लटकणारा आजचा चार्जर दशांश वॅटच्या आसपास वीज घेतो. वर्षभर तसाच राहिला तरी हिशेब एखाद्या युनिटपाशी थांबतो. २००० वॅटचा गिझर तेवढी वीज अर्ध्या तासात खातो. तरीही सल्ला चार्जरचाच दिला जातो, आणि मग आजीच्या खोलीतला पंखा बंद करणं, अभ्यासाला बसलेल्या मुलाला दिव्यावरून बोलणं असले प्रकार सुरू होतात. असं काटकसरीचं वातावरण पंधरा दिवसांत विरतं आणि बिल जागचं हलत नाही.

मी हे काम स्वतःच्या घरात आणि नातेवाइकांच्या घरांतून बरेचदा केलं आहे. माझा अनुभव एकच सांगतो: वीज कुठे जाते हे कळल्याशिवाय कशालाही हात लावू नका. कळलं की निम्मं काम कुणालाही त्रास न देता होतं.

आठवडाभर आकडे लिहा

रोज ठरलेल्या वेळी मीटरचा आकडा कागदावर उतरवा आणि कालचा त्यातून वजा करा. बाजूला दोन शब्द लिहा: पाहुणे, कपडे धुतले, एसी रात्रभर. हे काम मुलांकडे द्या, त्यांना ते आवडतं.

घर झोपल्यावर मीटर किती धावतो ते शोधा

खरी मेख इथे आहे, आणि मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्याने. आपण मुद्दाम लावलेली उपकरणं आपल्याला दिसतात. कुणी न लावता चोवीस तास वीज घेणारी दिसत नाहीत. गळक्या नळासारखा हा भार थेंबाथेंबाने पण अखंड चालतो. १ वॅट वर्षभर सतत चालला की ८.७६ युनिट होतात, म्हणजे १०० वॅटचा असा भार वर्षाला ८७६ युनिट नेतो. दिवाणखान्यातले दिवे कितीही कटाक्षाने बंद केले तरी ही गळती भरून निघत नाही.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा दिवा लुकलुकतो. त्याच्या आसपास १ युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर हा आकडा ३२०० असतो, काहींवर १६०० किंवा १०००. १ युनिट म्हणजे ३६ लाख वॅट-सेकंद, म्हणून ३६ लाखांना या आकड्याने भागा. ३२०० असेल तर ११२५ येतात. आता दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद जातात ते मोजा आणि ११२५ ला तेवढ्याने भागा. घर त्या क्षणी किती वॅट घेतंय ते कळेल. १५ सेकंद लागले तर ७५ वॅट. तबकडीच्या जुन्या मीटरवर एका युनिटला किती फेरे ते लिहिलेलं असतं, हिशेब तोच.

एकाच लुकलुकीवर भरवसा ठेवू नका. दहा मोजा आणि एकूण सेकंदांना १० ने भागा. पहिल्या लुकलुकीला ‘शून्य’ म्हणायचं, ‘एक’ नाही. तिथे चुकलात तर पुढचे सगळे आकडे वाकडे येतात.

रात्री सगळे झोपायच्या बेतात असताना आपण एरवी बंद करतो तेवढंच बंद करा: दिवे, पंखे, एसी, गिझर. टीव्ही रिमोटनेच बंद करा, रोजच्यासारखा. इथे लोक हमखास जास्तीचा शहाणपणा करतात. पाहणी आहे म्हणून घरभर फिरून सगळे प्लग काढतात, मीटर शांत झाला की समाधानाने झोपतात आणि दुसऱ्या दिवशी प्लग पुन्हा जागच्या जागी. रोजचं घर जसं आहे तसंच मोजायचं असतं.

अपवाद फक्त फ्रिजचा. त्याचा कॉम्प्रेसर मधूनमधून चालू-बंद होतो, त्यामुळे एका मिनिटाला ४० वॅट आणि पुढच्या मिनिटाला १५० असे आकडे येतात आणि माणूस चक्रावतो. मोजणीपुरता, वीस-पंचवीस मिनिटं, फ्रिजचा प्लग काढा. दार उघडलं नाही तर आत काही बिघडत नाही. पण घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे प्लग पुन्हा लावल्याशिवाय सकाळी कुणी बाहेर पडणार नाही.

समजा पहिला आकडा ८ सेकंदांचा आला. म्हणजे सुमारे १४० वॅट, म्हणजेच महिन्याला १०० युनिट, आणि घरात तर सगळे झोपलेले. आता एकाने मीटरपाशी थांबायचं आणि दुसऱ्याने आतल्या बोर्डापाशी. मीटर खाली जिन्याजवळ असेल तर फोनवर बोलत राहा. एकेक एमसीबी, म्हणजे घरातल्या एकेका ओळीची वीज तोडणारा बोर्डावरचा खटका, खाली पाडायचा आणि मीटरपाशी असलेल्याने नवे सेकंद सांगायचे. ८ चे १२ झाले तर त्या एका ओळीवर ४७ वॅट सापडले. मग तो एमसीबी वर करून त्या खोलीतले प्लग एकेक करून काढत गुन्हेगार गाठायचा. ही जोडी आई आणि मुलगी, आजोबा आणि नातू अशी कुणाचीही जमते. एकट्याने करू नका. जिन्यावरून वरखाली धावण्यात लक्ष उडतं आणि आकडे मिसळतात.

एका नातेवाइकांकडे असाच शोध घेताना सगळा ओघ इन्व्हर्टरपाशी येऊन थांबला. वीज कित्येक दिवस गेलेली नव्हती, बॅटरी केव्हाच भरलेली असायला हवी होती. पण बॅटरीच्या अंगाला हात लावला तर ती कोमट, आणि पाण्याचे तरंगते दर्शक तळाला गेलेले. म्हातारी झालेली शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरतच नाही. चार्जर तिच्यात वीज ओतत राहतो आणि ती उष्णता होऊन जाते. पाणी वरचेवर आटत असेल आणि बॅटरी विनाकारण कोमट लागत असेल तर तिचे दिवस भरले आहेत. इन्व्हर्टर कायमचा बंद करून ठेवणं हा मात्र उपाय नाही. न वापरता पडलेली बॅटरी आणखी लवकर खराब होते. बदलाच, आणि जुनी विक्रेत्याकडे परत द्या. त्यातलं शिसं वितळवून पुन्हा वापरात येतं. भंगारात कुठेही गेली तर तेच शिसं माती आणि पाणी नासवतं.

इन्व्हर्टरच्या खालोखाल सापडतो तो सेट-टॉप बॉक्स. समोरचा दिवा लाल झाला म्हणजे तो बंद झाला असं वाटतं, पण अनेक जुने बॉक्स ‘बंद’ असतानाही जवळजवळ चालू असल्याइतकीच वीज घेतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये उपकरणांचा असा निष्क्रिय वापर १ वॅटवर आणण्याचा आग्रह धरला, आणि युरोपीय संघाने २०१३ पासून बहुतेक घरगुती उपकरणांसाठी तो अर्ध्या वॅटवर आणला. त्यामुळे नवा टीव्ही सहसा निर्दोष सुटतो. सतत इंटरनेटला जोडून राहणाऱ्या वस्तूंना मात्र सवलत मिळाली, म्हणून बॉक्स, गेमिंग कन्सोल आणि स्पीकर यांच्यावरच नजर ठेवा. टीव्हीभोवतीचा सगळा गोतावळा एका बटणवाल्या एक्स्टेंशन बोर्डावर घ्या आणि झोपताना ते एक बटण दाबा. कन्सोलच्या सेटिंगमधली झटपट सुरू होण्याची सोय बंद करा. राउटरवरून मात्र घरात वाद घालू नका. १० वॅटचा राउटर रोज रात्री सात तास बंद ठेवला तर वर्षाला पंचवीसेक युनिट वाचतात. सगळ्यांना चालत असेल तर ठेवा, नाहीतर सोडून द्या.

सगळे एमसीबी खाली असूनही मीटर लुकलुकत राहिला तर तिथेच थांबा. एकतर मीटर आणि बोर्ड यांच्यामधल्या तारेत गळती आहे, नाहीतर जिन्यातला दिवा किंवा दुसऱ्या कुणाची ओळ तुमच्या मीटरवर जोडलेली आहे. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. मीटरच्या सीलला आणि त्याच्या आतल्या तारांना स्वतः हात लावायचा नाही, ही गोष्ट चर्चेची नाही.

दोन गोष्टींवर पैसे घालवू नका. एक, तारेला चिमटा लावून अँपिअर दाखवणारा मीटर. त्याच्या अँपिअरला व्होल्टने गुणून येतात ते वॅट नव्हेत. राउटर, चार्जर, टीव्ही अशा वस्तूंच्या बाबतीत तो खऱ्याच्या कितीतरी जास्त आकडा देतो. घ्यायचाच असेल तर प्लगमध्ये बसणारा, थेट वॅट दाखवणारा मीटर घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे सॉकेटमध्ये खोचली की बिल अर्ध्यावर आणते अशी जाहिरात होणारी डबी. तिच्यात बहुतेक वेळा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. बिल येतं ते प्रत्यक्ष खर्च झालेल्या युनिटचं, आणि त्या युनिटवर या डबीचा काही परिणाम होत नाही. ज्यांना बिल जड जातं अशाच माणसांना ती विकली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

पाणी तापवणं

२० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला सुमारे ०.७ युनिट लागतं. ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्या विजेत तीन दिवसांहून जास्त अखंड जळतो. म्हणून दिव्यांवरून भांडण्याआधी न्हाणीघराकडे बघा.

गिझरचं तापमान खाली आणा, हा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देत नाही. साठवणीच्या टाकीत कोमट राहिलेल्या पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांच्या दरम्यान, फुप्फुसाचा गंभीर आजार करणारे लिजिओनेला जीवाणू वाढतात. टाकी ६० अंशांवरच ठेवा, पाणी कमी वापरा. शॉवरखाली बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते पाहा; मिनिटाला १० लिटरच्या वर पडत असेल तर कमी पाण्याचं तोंड बसवा. एकामागून एक अंघोळी उरका आणि मग गिझर बंद करा. कपडे गार पाण्यात धुवा. गरम पाण्याच्या धुलाईत बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते.

फ्रिज, एसी, पंखे

फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर रबर बदला. आतलं तापमान ४ अंश, फ्रीझरचं उणे १८. त्याहून गार ठेवून काही मिळत नाही. फ्रिजच्या मागे हवा खेळू द्या.

एसीसोबत पंखा लावा आणि एसी दोन अंश वर न्या. जाळी दर पंधरवड्याला धुवा.

साधा छताचा पंखा ७० ते ८० वॅट घेतो, बीएलडीसी म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा ३० च्या आसपास. बारा-बारा तास फिरणारा पंखा आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या.

दिवे एलईडी करा. हे एव्हाना झालेलं असेलच.

घरच्यांना सोबत घेणं

प्रत्येकाला एक जागा वाटून द्या: टीव्हीचं बटण एकाचं, गिझर दुसऱ्याचा, आकड्यांची वही मुलांची. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवायचं’ म्हटलं की कुणीच ठेवत नाही. वयस्कर माणसांचा पंखा, रात्री उठताना लागणारा दिवा, आजारी माणसाच्या खोलीतली ऊब यांना हात लावायचा नाही. तिथून मिळणारे युनिट नगण्य असतात आणि त्यापायी घरातलं माणूस दुखावतं. रात्रीच्या शोधातून सापडलेले वॅट कुणाच्याही वाट्याच्या सुखातून आलेले नसतात, म्हणूनच मी तो टप्पा आधी घेते.

नवीन काही घेताना

लेबलवर वर्षाचे युनिट दिलेले असतील तर त्यांना ८.७६ ने भागा, सरासरी वॅट मिळतील. २६० युनिटचा फ्रिज म्हणजे सतत जळणारा ३० वॅटचा भार. चालू स्थितीतली वस्तू केवळ नवी जास्त कार्यक्षम आहे म्हणून टाकून देऊ नका. ती बनवतानाही ऊर्जा आणि धातू खर्च झालेले असतात. चोवीस तास चालणारा जुना फ्रिज मात्र या नियमात बसत नाही. आधी प्लगमधल्या मीटरवर त्याचे दोन-तीन दिवसांचे युनिट मोजा. नव्याच्या दुप्पट येत असतील तर बदला. आणि जुना फ्रिज ‘असू दे, गार पाण्याला होईल’ म्हणून दुसऱ्या खोलीत लावून ठेवू नका, कारण मग दोन्ही फ्रिज चालतात. तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. आतला वायू नीट काढून घ्यावा लागतो.

सौर पॅनेलचा विचार असेल तर हे सगळं आधी उरका. रात्रीचा भार उतरल्यावर मोजलेल्या युनिटवरच पॅनेलचा आकार ठरवा, नाहीतर जुनी बॅटरी आणि सेट-टॉप बॉक्स पोसण्यासाठी छतावर जास्तीचं पॅनेल बसतं.