बाहेरची मदत येईपर्यंत: इमारतीने पहिल्या तीन दिवसांची तयारी कशी करावी

पूर किंवा भूकंपानंतर रस्ते बंद असतात, आणि बचाव पथके आधी जिथे सर्वांत जास्त पडझड झाली तिथे जातात. म्हणून निदान तीन दिवस इमारतीला आपले आपण निभावता यावे, असा हिशेब धरा.

सुरुवात पाण्यापासून. पिण्याला आणि जुजबी स्वच्छतेला माणशी दिवसाला ४ लिटर, म्हणजे चौघांच्या घरात तीन दिवसांना ४८ लिटर. सगळे एकाच पिंपात भरू नका. त्यात एक घाण हात बुडला की सगळे पाणी वाया. घट्ट झाकणाचे, अरुंद तोंडाचे १० लिटरचे कॅन बरे, जिन्यावरून उचलूनही नेता येतात.

नळाच्या पाण्याची शंका असेल तर ते चौपदरी सुती कापडातून गाळा आणि खळखळून उकळी फुटल्यावर १ मिनिट उकळत ठेवा. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर ३ मिनिटे. इंधन नसेल तर ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे (क्लोरीन देणारे रसायन), सुगंध न घातलेले, कपडे धुण्याचे ब्लीच लिटरला २ थेंब घालून ढवळा आणि अर्धा तास थांबा. क्लोरीनचा हलका वास यायला हवा. आला नाही तर पुन्हा तेवढेच थेंब घालून १५ मिनिटे थांबा. इथे चूक होते ती न गाळता ब्लीच घालण्याची: क्लोरीन गाळावरच खर्च होतो, जंतू तसेच राहतात. जुन्या बाटलीचाही जोर उतरलेला असतो, म्हणून तिच्यावर खरेदीची तारीख लिहा. इंधन किंवा रसायन मिसळलेले पाणी मात्र यातल्या कशानेही पिण्याजोगे होत नाही.

जुलाब लागले तर १ लिटर शुद्ध पाण्यात ५ मिलीच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरू नका. जास्तीचे मीठ लहान मुलांच्या जिवावर बेतू शकते.

दुसरे काम यादीचे, आणि आमच्या मते सर्वांत मोलाचे. एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेले, डायलिसिस किंवा इन्शुलिन लागणारे, तान्ही बाळे, ऐकू न येणारे. त्यांच्या संमतीने, मजल्यानुसार, कागदावर नोंद करा, कारण फोनची बॅटरी संपते. प्रत्येक नावापुढे दोन शेजारी नेमा. एकच असला तर नेमका त्याच दिवशी तो बाहेरगावी असतो. ही यादी सूचनाफलकावर लावू नका. कोण एकटे राहते, हे चोरालाही कळते. दोन जबाबदार घरांत एकेक प्रत पुरे.

गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. शक्य असेल तर गॅसची झडप बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर पडा. घरात पाणी शिरणार असे दिसताच मेन स्विच पाडा. पाण्यात उभे राहून त्याला हात लावू नका. जनरेटर खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब, उघड्यावर. बाल्कनी, तळघर किंवा बंद पार्किंग चालत नाही: कार्बन मोनॉक्साइडला रंग-वास नसतो, झोपलेली माणसे झोपेतच जातात.

हादरलेल्या माणसाजवळ बसा. काय घडले ते खोदून विचारू नका. बोलला तर ऐका. पाणी, पांघरूण आणि घरच्यांची खबर, आधी एवढेच हवे असते. “काही होणार नाही” असे खोटे आश्वासन देऊ नका. माहीत आहे तेवढेच सांगा. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांची मदत मिळेपर्यंत सोबत राहा.

दर सहा महिन्यांनी, संध्याकाळी, जिन्यातले दिवे बंद करून यादीतल्या प्रत्येक दारापर्यंत जाऊन पाहा. कोणाची विजेरी चालत नाही, कोणते दार आतून कडी लावल्यावर बाहेरून उघडत नाही, कोणता कठडा हलतो, हे तेव्हाच सापडते.