लाईट जाऊन आल्यावर लॅपटॉपचं नेट चालत नसेल तर
राजारामपुरीत आमच्याकडं वळीव आला की लाईट जाती, आणि बॅटरी मेलेला लॅपटॉप धाडकन बंद, परत चालू केला तर वायफाय कनेक्टेड दाखवतंय पण एक साइट उघडत नाही. आधी मोबाईलवर तेच वायफाय लावून बघा, चालत असेल तर राऊटरला हात लावू नका. मग खाली कोपऱ्यातली तारीख बघा की, हे कुणी बघतच नाही! माझी थेट २०१५ ला गेलेली, तारीख चुकली की ब्राउझर साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा दाखला, मानतच नाही. नीट केली, लगेच सुरू. सारखीच मागं जात असेल तर लॅपटॉपच्या आतला, तारीख-वेळ सांभाळणारा बटणासारखा सेल गेलाय, बदलून घ्या. तारीख बरोबर असूनही अडलं तर विंडोजमध्ये शटडाऊन नको, रिस्टार्टच करा, फास्ट स्टार्टअप (लॅपटॉप लवकर चालू व्हायची विंडोजची सोय) चालू असलं की शटडाऊननं ड्रायव्हर, म्हणजे वायफायसारखे भाग चालवणारे प्रोग्रॅम, नव्यानं लोड होत नाहीत.