नवी डिस्क मागवण्याआधी ‘व्हीजीएस’ बघा

उबुंटू सर्व्हरची डिस्क 500 जीबीची, तरी डिस्कचा वापर दाखवणारी ‘डीएफ’ कमांड रूट (सिस्टीमचा मुख्य भाग) 98 टक्के भरल्याचं दाखवतेय? एलव्हीएम (डिस्कची जागा हवी तशी वाटून देणारी व्यवस्था) निवडल्यावर इन्स्टॉलर 200 जीबीवरच्या डिस्कमधून रूटला मुळात 100 जीबीच देतो. बाकीची जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे एलव्हीएमच्या सामायिक साठ्यात, नुसती पडून असते.

1. ‘सुडो व्हीजीएस’ चालवा. शेवटच्या ‘व्हीफ्री’ रकान्यात मोकळी जागा दिसते. तिथे शून्य असेल तरच नवी डिस्क.
2. ‘सुडो एलव्हीएस’ने व्हॉल्यूमचं (त्या साठ्यातून रूटला दिलेल्या भागाचं) नाव बघा, सहसा ‘उबुंटू-एलव्ही’ असतं.
3. ‘एलव्हीएक्सटेंड’ला छोटा आर (-r), मोठ्या एलपुढे (-L) +100जी आणि शेवटी व्हॉल्यूमचा पूर्ण पाथ द्या. सर्व्हर चालू असतानाच होतं, रीबूट नको.

बहुतेक जण अडकतात ते छोट्या आरपाशी. तो राहिला की व्हॉल्यूम वाढतो, पण फाइल सिस्टीम जुन्याच मापाची राहते आणि ‘डीएफ’चा आकडा जागचा हलत नाही. अशा वेळी ईएक्सटी4 फाइल सिस्टीमवर ‘रीसाइझ2एफएस’ चालवलं की काम होतं. अधिकचं चिन्हही गाळू नका, नाहीतर 100 जीबी हा एकूण आकार धरला जातो.

सगळी जागा एकदम देऊन टाकू नका. स्नॅपशॉटला (व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत) ती लागते, आणि वाढवलेलं रूट परत लहान करायचं तर सर्व्हर बंद करून लाइव्ह यूएसबीवरून बूट करावं लागतं.