सर्व्हरवरील कनेक्शनचे आकडे जुळत नसतील तर
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या फाउंड्रीच्या कार्यालयात हिशेबाचा प्रोग्रॅम चार कनेक्शन दाखवतो आणि सर्व्हर सात सांगतो, तेव्हा बिघाड शोधण्याआधी दोन्हीकडे नेमके काय मोजले जात आहे हे पाहावे.

क्लायंट, म्हणजे सर्व्हरला जोडणारा प्रोग्रॅम, बहुधा स्वतः उघडलेलीच कनेक्शन मोजतो, तर सर्व्हर सर्वांची मोजतो. पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरच्या १० व्या आवृत्तीपासून चालू कनेक्शन दाखवणाऱ्या ‘पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी’ या तक्त्यामध्ये अंतर्गत प्रक्रियांच्याही ओळी दिसतात, म्हणून तेथे केवळ ‘क्लायंट बॅकएंड’ प्रकारच्या, म्हणजे क्लायंटच्या कनेक्शनच्या, ओळी मोजाव्यात.

यंत्रावरील नेटवर्क कनेक्शनची यादी देणारी ‘नेटस्टॅट’ आज्ञा वापरताना अधिक काळजी घ्यावी लागते. जो पक्ष कनेक्शन आधी बंद करतो, त्याच्याकडेच ते ‘टाइम-वेट’ (बंद झाल्यानंतरची प्रतीक्षा) अवस्थेत काही काळ, लिनक्सवर ६० सेकंद, नोंदलेले राहते. दुसऱ्या बाजूला त्याचा मागमूसही नसतो. शिवाय क्लायंट आणि सर्व्हर एकाच यंत्रावर असतील, तर एकाच कनेक्शनची दोन्ही टोके दिसून दोन ओळी येतात. माझ्या मते निम्मा गोंधळ येथेच होतो. यासाठी सर्व्हरच्या पोर्टवरील ‘एस्टॅब्लिश्ड’ (चालू कनेक्शनच्या) ओळी तेवढ्या घ्याव्यात आणि दोन्ही यंत्रांवर एकाच वेळी मोजणी करावी.

कनेक्शन पूल, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी उघडी ठेवलेली कनेक्शन, असल्यास काम नसतानाही काही कनेक्शन उघडी राहणे स्वाभाविक आहे. मात्र पूलची ठरवलेली मर्यादा ओलांडून रिकामी कनेक्शन वाढतच राहिली, तर प्रोग्रॅम ती बंद करतो का, हे तपासावे.