पद्मिनी लोअर करायचीय? आधी टेप घ्या

"ताई, पुढच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला की बास ना?" जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार घेतलेली पोरं ती लोअर करायला, म्हणजे खाली बसवायला, हमखास हा प्रश्न घेऊन येतात. मी त्यांना विचारते, गाडी आत्ता किती उंच आहे? ते कोणालाच माहीत नसतं. नाशिकच्या अंबडला एका कंपनीत क्वालिटीला असल्यामुळे व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हत्यार, सतत माझ्या हातात असतो, म्हणून सवय लागली असं समजा. पण पद्मिनीच्या बाबतीत मोजण्याला खास कारण आहे. चाळीस वर्षांच्या गाडीच्या स्प्रिंगा बहुधा आधीच बसलेल्या असतात, त्यातही ड्रायव्हरची बाजू जास्त. तशा गाडीचा दोन्हीकडे सारखा वेढा कापला तर ती सारखीच तिरकी राहणार, फक्त खाली जाऊन.

मोजायला सपाट जागा लागते आणि सोसायटीचं पार्किंग सपाट नसतं. पाणी वाहून जावं म्हणून त्याला उतार दिलेला असतो. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हलची नळी घ्या, चारही चाकांखालची जमीन तपासा आणि जिथे कमी भरेल तिथे पत्र्याचे तुकडे सरकवा. टायरची हवा सारखी, टाकी अर्धी. माप जमिनीपासून घेऊ नका, चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या. टायर कितीही झिजलेला असला तरी हे माप बदलत नाही. चार आकडे आले की दाराच्या आत खडूने लिहा, पुढचं सगळं काम त्यांच्यावर चालतं.

किती खाली? माझं मत ठाम आहे: तीन ते चार सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे गाडी त्यावर आरामात चढून उतरावी. पण नाशिकमध्ये प्रत्येक कॉलनीने स्वतःच्या हौसेने ओतलेला अरुंद गतिरोधक असतो, आणि त्यात आता सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेले रस्ते. गाडीखाली आडवं पडून सगळ्यात खाली काय लोंबतंय ते बघा. सायलेन्सरचा पाइप असेल तर आधी त्याला टांगून धरणारे हँगर बदला. एवढ्यानेच खालची जागा वाढते आणि खर्च किरकोळ.

काम मागून सुरू करा. मागे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या कमानदार स्प्रिंगा आहेत, तिथे स्प्रिंग उडण्याचा धोका नाही आणि हातही बसतो. पाटे खाली आणण्याचे दोन बरे मार्ग आहेत. एक, एक्सल (मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा आस) आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू बोल्ट लावणं. मात्र त्याआधी नीट बघा: पाटे एक्सलच्या खालून जात असतील तरच ठोकळ्याने गाडी खाली येते. पाटे एक्सलच्या वर असतील तर त्याच ठोकळ्याने ती उंच होईल. ठोकळा एकसंध हवा, लेथवर काढलेला, पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं बसेल असा खळगा आणि वरच्या बाजूला तसाच गुंडा असलेला. एकावर एक दोन ठोकळे रचू नका, लाकडाचा तर अजिबात नको.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: पाट्यांची कमान उतरवणं. दोन्ही बाजूंचे पाटे डावा-उजवा अशी खूण करून सोडवा आणि ट्रकची कामं करणाऱ्या पाटेवाल्याकडे न्या. द्वारकेपासून आडगाव नाक्याकडे जाताना असे कारागीर आहेत. मी ज्यांच्याकडे गेले ते चाचा पाटा हातात घेऊन म्हणाले, "ताई, यातला एक पाटा काढून टाकतो. गाडी आपोआप बसेल, पैसेबी कमी."

"नको चाचा, पाटे सगळे राहू द्या. कमान तेवढी उतरवा. आणि भट्टीत घालू नका."

पाटा काढला की स्प्रिंग मऊ होते. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान घेऊन त्र्यंबकला निघालात की एक्सल प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉपरवर, म्हणजे धक्का अडवणाऱ्या रबरावर, आपटणार. आणि लाल होईपर्यंत तापवलं की पोलादाचं पाणी, म्हणजे टणकपणा, उतरतं, मग तो पाटा महिन्या-दोन महिन्यांत आणखी बसतो. चाचांनी ऐरणीवर थंडच मारलं. दर चार-सहा घावांनी पाटा उचलून जोडीच्या पाट्यावर ठेवायचा, फटीतून उजेड बघायचा, पुन्हा मारायचा. मी टेप काढला तर हसले, पण डाव्या-उजव्यात जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक निघाला. दोन्ही पाट्यांची मजुरी एका नव्या टायरच्या किमतीच्या बरीच आत बसली.

कमान उतरली की पाटा लांबीत वाढतो, त्यामुळे मागची शॅकल (पाट्याचं टोक गाडीला जोडणारी हलती कडी) कलते. गाडी जमिनीवर टेकल्यावर पाटा सरळ रेषेच्या पलीकडे उलटा वाकलेला दिसता कामा नये. तसा दिसला तर जास्त उतरवलाय, परत न्या.

आता पुढची बाजू. इथे कॉइल स्प्रिंग आहे, आणि दाबलेली कॉइल सुटली तर हात मोडते. चांगला स्प्रिंग कंप्रेसर भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून आणा, गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. हे काम आधी केलेलं नसेल तर स्प्रिंग काढणं-बसवणं मेकॅनिकला द्या. पैसे वाचवायला दुसऱ्या जागा आहेत.

किती कापायचं हे गाडी जमिनीवर असतानाच काढता येतं. भाराखाली दोन शेजारच्या वेढ्यांमधलं अंतर, तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत, मोजा. एक वेढा कमी केला की स्प्रिंगची उंची जवळजवळ तेवढीच कमी होते. पण स्प्रिंग चाकाच्या आतल्या बाजूला असते, म्हणून चाकाशी फरक जास्त पडतो. स्प्रिंग ज्या आर्मवर बसली आहे त्याच्या आतल्या बिजागरीपासून स्प्रिंगच्या मध्यापर्यंतचं आणि आर्मच्या बाहेरच्या टोकापर्यंतचं अंतर घ्या. समजा १८ आणि ३० सेंटिमीटर आलं, आणि वेढ्यांमधलं अंतर २.५. तर एका वेढ्याने गाडी चार सेंटिमीटरच्या आसपास खाली येईल, अर्ध्याने दोन. हे आकडे समजण्यापुरते, तुमचे तुम्ही मोजा. नेहमी अर्ध्याच वेढ्यापासून सुरुवात करा. कापलेलं परत जोडता येत नाही आणि स्प्रिंगला वेल्डिंग चालत नाही.

वेढा कमी झाला की स्प्रिंग कडकही होते. काम करणारे आठ वेढे असतील आणि एक गेला तर कडकपणा साधारण १४ टक्के वाढतो. हे आपल्या फायद्याचं आहे, कारण खाली आलेल्या गाडीला खेळायला जागा कमी उरते. कापायला ग्राइंडरचं पातळ कटिंग व्हील वापरा, शेजारी ओलं फडकं ठेवा, थांबत थांबत कापा. गॅस कटर नको, कारण तेच, पोलादाचं पाणी उतरतं. आधी दोन्ही टोकं बघून घ्या: सपाट घासलेलं टोक कापलंत तर नवं टोक सीटमध्ये, म्हणजे स्प्रिंगच्या बैठकीत, नीट बसणार नाही. बसवल्यावर चाक हवेत पूर्ण लोंबकळू द्या आणि स्प्रिंग हाताने हलवून बघा. सैल होऊन सीटमधून सरकत असेल तर तशी गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

वाचलेले पैसे बुश (सांध्यांमधले रबर) आणि शॉकअपवर घाला. जुन्या शॉकअपवर लोअर केलेली गाडी कसारा घाटात वळणावर कशी उड्या मारते ते एकदा बसून अनुभवलं की पटतं. बंप स्टॉपर काढू नका. जागा फारच कमी वाटली तर थोडा छाटा. रबरी बुशचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. चाक लोंबकळत असताना आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. निम्म्या गॅरेजमध्ये हे सांगूनही करत नाहीत, समोर उभं राहावं लागतं.

ब्रेकचा होज (रबरी नळी), मागचा ब्रेक पाइप आणि मागच्या चाकांना ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट कुठे घासत नाहीत ना, हे मागे दोन जड माणसं बसवून बघा. स्टिअरिंग पूर्ण दोन्हीकडे फिरवून टायर मडगार्डच्या आत लागतो का तेही.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदी कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल करता येत नाही. चॅसिसला वेल्डिंग, कटिंग काही करू नका. शंका असेल तर आधी पेठ रोडच्या आरटीओत विचारून घ्या. गाडी ५० वर्षांपुढची असेल आणि २०२१च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी करायचा विचार असेल तर मुळीच हात लावू नका. माझी १९८४ची आहे. मूळ स्प्रिंगा मी तेल लावून पोत्यात ठेवल्यात आणि कापायला जुन्या बाजारातून दुसरी जोडी आणली.

सगळं बसवल्यावर गंगापूर रोडने आनंदवलीपर्यंत चक्कर मारा म्हणजे पाटे आणि स्प्रिंगा जागेवर बसतील. मग पुन्हा चार मापं घ्या, आणि त्यानंतरच चाकांच्या अलाइनमेंटला न्या. आधी नेलं तर पैसे दोनदा जातात. कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) आणि टो (वरून बघता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) दोन्ही बदललेले असतात, नुसता टो बघून सोडलं तर टायर आतून खातो. हेडलाइट भिंतीवर पाडून नव्याने लावा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर यू बोल्ट परत आवळा, ते हमखास थोडे ढिले झालेले असतात.