महालक्ष्मीचं उरलेलं जेवण संपवताना या चुका टाळा

महालक्ष्मीच्या जेवणाला आपल्या इंदूरच्या मराठी घरांत सोळा भाज्या, कोशिंबिरी, पुरणपोळ्या, कटाची आमटी, भजी, अळूवड्या असं सगळं होतं, आणि कितीही पानं उठली तरी रात्री ओट्यावर झाकलेली पातेली उरतातच. मग दुसऱ्या दिवशी सगळं एका कढईत ढकलायचं, वरून जीरावण (पोह्यावर घालायचा आपला इंदुरी मसाला) भुरभुरायचं, मूठभर सेव टाकायची की झालं, असं पुष्कळांना वाटतं. जीरावण पोह्यावर छान लागतं हो, पण आंबलेली भाजी त्याने सुधारत नाही.

मुळात मोठी चूक दुसऱ्या दिवशी होतच नाही, ती आदल्या रात्री होते. सगळे दमलेले असतात, "गार झालं की ठेवू" म्हणून भाताचं पातेलं तसंच राहतं आणि भादव्यातल्या त्या दमट हवेत सकाळ उजाडते. भाताचं तर विशेष सांभाळा, कारण बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष मग कितीही गरम करा, जात नाही, आणि वासावरूनही दर वेळी कळत नाही. म्हणून जेवणं आटोपली की भात परातीत पसरा, पंखा लावा, आणि तास-दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये. अख्खं पातेलं आत सरकवलं तर मधला भात कितीतरी वेळ गरमच राहतो. हा भात दुसऱ्याच दिवशी संपवायचा, चार दिवस पुरवायचा नाही.

फोडणीचा भात गिच्च होतो अशी तक्रार असते. त्याचं कारण भात कढईत गेल्यावर झाऱ्याने दाबून गुठळ्या मोडणं. फ्रिजमधून काढल्याबरोबर, गार असतानाच ओल्या हाताने मोकळा करा, मग फोडणीत घाला, पाणी शिंपडू नका, आणि चांगली वाफ येईपर्यंत गरम करा. मीठ आधी चाखून मगच!

भाज्यांचं थालीपीठ हा सगळ्यात सोपा मार्ग, पण सोळाच्या सोळा भाज्या एकत्र करू नका. कारलं एकटंच सगळं कडू करतं, भेंडी चिकट होते, ही दोन्ही पोळीबरोबर वेगळी खाऊन टाका. लाल भोपळा, कोबी, गवार, बटाटा हे चालतं. थालीपीठ तव्यावर तुटत असेल तर भाजीत पाणी जास्त आहे, तिला आधी कढईत परतून कोरडी करा, मग त्यात मावेल तेवढी भाजणी घाला आणि भिजवायला पाणी लागलंच तर कोशिंबिरीला सुटलेलं पाणी वापरा (कोशिंबीर फ्रिजमध्ये असेल तरच). त्यात मीठ असतंच, म्हणून पिठात वेगळं मीठ घालायची घाई नको, नाहीतर सगळं खारट होतं आणि मग बसा दही शोधत.

कटाची आमटी दुसऱ्या दिवशी जास्त छान लागते, यावर आमच्याकडे वाद होत नाही. ती घट्ट होते, तेव्हा गार नाही, उकळतं पाणी घाला आणि खळखळून उकळी येऊ द्या. मात्र सगळं पातेलं तीन वेळा तापवू नका, लागेल तेवढीच काढा. चिंच असल्यामुळे कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ती ठेवायची नाही, स्टीलच बरं.

भजी उरली तर कढीत सोडा, आणि कढी फुटते म्हणणाऱ्यांनी ताक मोठ्या आचेवर चढवणं थांबवावं. ताकात बेसन आधीच नीट घोळवायचं, पहिली उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं, भजी अगदी शेवटी. अळूवड्या मायक्रोवेव्हमध्ये मऊ पडतात, तव्यावर थोड्या तेलात खरपूस करा.

पुरण उरलं असेल तर गोड पुऱ्या किंवा दशम्या. इथे घाई करणारे आधीच पाणी घालतात आणि मग पीठ चिकटून लाटणंच होत नाही. पुरणात बसेल तेवढी कणीक नुसती मळा, दहा मिनिटं झाकून ठेवा, गुळाला पाणी सुटतं आणि गोळा आपोआप मऊ येतो, तेव्हा बघा पाणी हवं का ते. दशमी जाडसर लाटायची, आच मंद, नाहीतर गूळ आधी करपतो.

आणि वास, चव, रंग जरा जरी वेगळा वाटला तर "एवढं कशाला टाकायचं" करत मुलांच्या ताटात वाढू नका. ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाका, सकाळी गाडी येतेच, आणि इंदूरच्याच देवगुराडियाच्या प्लँटमध्ये 2022 पासून या ओल्या कचऱ्याचाच बायो-सीएनजी, म्हणजे गाड्यांना चालणारा गॅस, होतो.