कावीळ झाल्यावर या चुका टाळा

पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं की सांगली-मिरजेकडे काविळीचे पेशंट वाढायला लागतात. ही कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची. बहुतेकांची विश्रांतीने आपोआप बरी होते, आणि नेमकी म्हणूनच माळ घालणाऱ्याला, चुन्याच्या पाण्याने कावीळ उतरवणाऱ्याला यश मिळालेलं दिसतं. पण शंभरात एखाद्याहूनही कमी लोकांचं लिव्हर अचानक निकामी होतं. तो एखादा आपल्या घरातला असू शकतो, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त डोळ्यांचा पिवळेपणा बघत बसणं. धोका कळतो तो वागण्यातून. पेशंट दिवसा झोपतो आणि रात्री टक्क जागा राहतो, असंबद्ध बोलतो, उगाच चिडतो, हात पुढे धरले की पंजे फडफडतात. 'अशक्तपणा आलाय, झोपू दे' असं म्हणू नका. त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या. झोपेची गोळी तर अजिबात देऊ नका.

दुसरी चूक रिपोर्ट वाचण्यातली. एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) हजारांवरून शेकड्यांवर आलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण लिव्हरच्या पेशी संपत आल्या तरी तो आकडा उतरतो! रक्त गोठण्याची तपासणी, म्हणजे पीटी-आयएनआर, सोबत बघायलाच हवी. आयएनआर 1.5 किंवा त्याहून जास्त असेल आणि शुद्धीत फरक जाणवत असेल, तर लिव्हर निकामी होत असल्याची ती खूण आहे. सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, पोट फुगणं हेही तितकंच गंभीर.

झाडपाला थांबवा. गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलेत. दारू पूर्ण बंद. तापासाठी पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारूनच. तेल-तूप सोडून नुसत्या उसाच्या रसावर माणसाला ठेवू नका. पचेल ते घरचं जेवण द्या. गाड्यावरच्या रसातला बर्फ तर संसर्गाचंच कारण ठरू शकतो.

गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवसही थांबू नका. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झालेल्या शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात.

हॉस्पिटलला जाताना घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. झाडपाल्याचं औषध दिलं असेल तर तेही न्या. संकोचाने लपवू नका, कारण त्यावरून उपचार बदलतात.